घराची नाडी कोण पाहणार?

आमच्या पुलगावात कोणी जुने घर विकत घ्यायला निघाले, की आधी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावणे जाते. तो येतो, भिंतीवर ठोकून आवाज ऐकतो, भेगेत काडी घालून बघतो, ओळंबा सोडतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातली ही आमची काळी जमीन कपाशीला मोठी माया लावते, पण घराला छळते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतींना तडे पाडते. पाया मुरमापर्यंत गेला आहे की काळ्या मातीतच थांबला आहे, याचा अंदाज जाणता मिस्त्री तड्याच्या चालीवरून बांधतो. हे त्याला कोणत्या शाळेत शिकवले? कुठल्याच नाही. उस्तादाच्या हाताखाली विटा वाहता वाहता तो शिकला.

मी बी. ए. झालेला, कवितेतला माणूस. शब्दाचे मूळ शोधायची मला खोड आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द आला पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्रे’वरून. त्याचा अर्थच मुळी उस्ताद. गंमत अशी, की या उस्तादाला प्रमाणपत्र द्यायचे आपल्याला दीडशे वर्षांत फारसे सुचले नाही.

या दीडशे वर्षांत बांधकामाचे शिक्षण मात्र उभे राहिले. 1847 मध्ये रुडकीला अभियांत्रिकीचे कॉलेज निघाले. आपल्या महाराष्ट्रात जुलै 1854 मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी हवे होते, त्यासाठी हा वर्ग. 1866 मध्ये त्याचे नाते मुंबई विद्यापीठाशी जुळले आणि पदवी मिळू लागली. विश्वेश्वरय्यांसारखा अभियंता याच कॉलेजातून बाहेर पडला. नागपूरला त्यांच्याच नावाचे कॉलेज 1960 मध्ये निघाले. या शिक्षणातून धरणे झाली, पूल झाले, कचेऱ्या झाल्या. गरिबाचे दगडमातीचे घर मात्र मिस्त्रीच्या भरवशावरच राहिले. एकाजवळ हाताचे ज्ञान, दुसऱ्याजवळ पदवीचा कागद, आणि दोघांची गाठ क्वचितच पडायची.

याची किंमत किती मोठी असते, हे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीने दाखवले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली, बहुतेक आपल्याच घराखाली. भिंती चांगल्या जाड होत्या. पण आतला आणि बाहेरचा दगडी थर वेगवेगळा रचलेला, मध्ये भर आणि चिखल. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आडवा दगड नाही. वर मातीचे जड माळवद. ते ऊन अडवत होते, पण धरणी हलली तेव्हा तेच काळ झाले. भिंत जाड म्हणजे घर मजबूत, या समजुतीवर पिढ्यानपिढ्या माणसे निजली होती.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला. 52 गावे नव्याने वसवली गेली आणि इतर असंख्य गावांत घरांच्या दुरुस्तीचे, मजबुतीकरणाचे काम निघाले. त्यासाठी गवंड्यांना आणि कनिष्ठ अभियंत्यांना प्रशिक्षण दिले गेले: भिंतीत आरपार बांधणीचे दगड कसे घालायचे, छताखाली सलग पट्टा कसा द्यायचा, माळवदाची माती कशी कमी करायची. कागद आणि हात त्या वेळी एका भिंतीपाशी आले.

आज काय आहे? महानगरांत तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तपासणी करायची असते. संरचना अभियंता म्हणून नोंदणीसाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आणि कामाचा अनुभव लागतो. घरकर्जासाठी बँकेचा मूल्यांककही येतो, पण तो मुख्यतः किंमत बघतो. 2016 च्या रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे विकासकावर टाकली, तीही प्रकल्पातल्या घरांपुरती. अमेरिकेत घर-निरीक्षकांची संघटना 1976 मध्येच झाली आणि पुढे अनेक राज्यांनी परवान्यासाठी शिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. आपल्याकडे घर घेणाऱ्याच्या बाजूने घर तपासणारा असा परवानाधारक माणूसच नाही. पुलगावसारख्या गावात जन्माची कमाई ओतून जुने घर घेणाऱ्याने कोणाकडे बघायचे?

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण गवंड्यांना पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याची सोय झाली, हे चांगलेच झाले. पण ते घर बांधण्याचे. तपासण्याचेही असेच शिक्षण तालुक्याच्या आयटीआयत, तंत्रनिकेतनात देता येईल. तड्यांचे प्रकार, ओल, गंजलेली सळई, पाया, वायरिंग: एवढा अभ्यासक्रम, जाणत्या मिस्त्रीला प्रवेश आणि शेवटची सही अभियंत्याची.

तोवर मंडळी, एक करा. जुने घर घ्यायचे असेल तर ते एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा मे महिन्यात बघा. मिस्त्रीला सोबत न्या, आणि त्याने बोट ठेवलेली जागा अभियंत्याला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)