समुद्रतळावरील शिदोरी



पावसाळ्यांत भाकरीला बुरशी येण्यास दोन दिवसहि पुरतात, हें प्रत्येक गृहिणी जाणते. मग दहा महिने समुद्रांत बुडालेली शिदोरी जवळजवळ जशीच्या तशी वर आली, असें सांगितलें तर? ही गोष्ट कल्पित नाहीं.

पूर्वी विद्वानांचीहि समजूत होती कीं, खोल सागर निर्जीव आहे. एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञास १८४१ सालीं एजियन समुद्रांत, जसजसें खोल जावें तसतसे प्राणी विरळ आढळले. यावरून ३०० फॅदम, म्हणजे सुमारें ५५० मीटरांखालीं जीवन नसावें, असा तर्क त्यानें बांधला. १८७२ ते १८७६ च्या 'चॅलेंजर' मोहिमेनें तो खोटा ठरविला. १९५१ सालीं तर क्लॉड झोबेल यास १०,००० मीटरांहून खोल अशा फिलिपाइन गर्तेच्या गाळांत जिवंत सूक्ष्मजंतु सांपडले.

जंतु आहेत हें ठरलें. पण ते तेथें किती वेगानें काम करतात? याचें उत्तर एका अपघातांतून मिळूं लागलें. ऑक्टोबर १९६८ मध्यें अमेरिकेची 'अल्विन' ही लहान पाणबुडी समुद्रांत सोडतांना तारा तुटल्या. आंतील तिघे बचावले. पाणबुडी सुमारें १,५०० मीटर खालीं तळाशीं गेली. पुढल्या वर्षीं ती वर काढली, तेव्हां आंत सँडविच, सफरचंदें व मांसाचें सूप होतें. भिजलेलें खरें, पण नासलेलें नव्हे! तेंच अन्न तळाइतक्याच थंड शीतपेटींत ठेवतांच कांहीं आठवड्यांत नासलें.

म्हणजे नुसती थंडी हें कारण नव्हे. होल्गर यानाश व त्याच्या सहकाऱ्यांनीं मग अन्नद्रव्यें मुद्दाम खोल पाण्यांत ठेवून पाहिलीं. तेथें कुजण्याची क्रिया दहा ते शंभर पट मंद आढळली. दर दहा मीटरांस पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणाइतका वाढतो. त्या ओझ्याखालीं वरचे जंतु जखडल्यासारखे होतात. अधिक दाबांतच जोमानें वाढणारे खास जंतु १९७९ सालीं हातीं आले, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

त्याच 'अल्विन'नें १९७७ सालीं गालापागोस बेटांजवळ सुमारें २,५०० मीटर खोल उष्णोदकाचे झरे पाहिले. तेथील जंतु गंधकयुक्त वायूपासून शक्ति मिळवून अन्न घडवितात, आणि तोंड व आंतडें नसलेले मोठे नळीकृमि त्या जंतूंना अंगांत बाळगून त्यांच्यावर जगतात. सारें अन्न अखेर सूर्याचें देणें, असें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. माझ्या विद्यार्थ्यांनीं तें वाक्य आतां दुरुस्त करून घ्यावें.

शिदोरीचा धडा मात्र आपणां सर्वांसाठीं आहे. समुद्र सारें पोटांत घालतो, या भरंवशावर माणूस त्यांत कचरा लोटीत आला. पोटांत तो घालतो खरें. पण तळाशीं गेलेलें पचवितो फार सावकाश.