एक कुलूप, १६ कुलपं

१९९६ साली जावा आली, तेव्हा तिच्या हॅशटेबलला, म्हणजे नावावरून नोंद शोधून देणाऱ्या वहीला, एकच कुलूप होतं. एक थ्रेड वहीत डोकावला की बाकीचे ताटकळत, नुसतं वाचायचं असलं तरी! १९९८ मध्ये बिनकुलपाचा हॅशमॅप आला. वेगवान खरा, पण अनेक थ्रेड एकदम लिहू लागले तर नोंदींची साखळी स्वतःतच गुंतायची आणि शोधणारा कायमचा गरगरायचा. २००४ च्या जावा ५ मध्ये प्राध्यापक डग ली यांचा कॉन्करंटहॅशमॅप आला: १६ कप्पे, प्रत्येकाला वेगळं कुलूप, वाचणाऱ्याला बहुधा कुलूपच नाही. २०१४ मध्ये जावा ८ ने कुलूप खणाखणावर नेलं. सुरक्षितता की वेग, हे भांडणच खोटं होतं... कुलूप नको तेवढं मोठं होतं, इतकंच!