प्रतिकृती-विलंब

एका डेटा केंद्रात झालेली नोंद दूरच्या केंद्रातील प्रतीत उमटेपर्यंत जाणारा वेळ. संगणकक्षेत्रात याला सर्रास ‘रेप्लिकेशन लॅग’ म्हणतात. मुख्य केंद्र बंद पडले तर शेवटच्या किती नोंदी हातच्या जातील, हे या वेळावरून कळते.

पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवतच्या एखाद्या गुऱ्हाळमालकाने मोबाइलवरून राष्ट्रीय शेअर बाजारात शेअर विकला, तर तो व्यवहार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील मुख्य केंद्रात नोंदला जातो. बाजाराचे नजीकचे राखीव केंद्र कुर्ल्याला, तर लांबचे चेन्नईला आहे. या रचनेमागे साधा हिशेब आहे. काचतंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात. मुंबई-चेन्नई हवाई अंतर हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पोच परत यायला किमान 10 मिलिसेकंद. प्रत्येक नोंद एवढी थांबली तर बाजार मंदावेल. म्हणून पोच मिळेपर्यंत थांबणारी, म्हणजे समकालिक प्रत जवळ ठेवतात. लांबची प्रत मागून येते, आणि तिथे विलंब असणारच.

तो मोजण्याचा भरवशाचा मार्ग ‘हार्टबीट’चा. मुख्य केंद्राने दर सेकंदाला एका छोट्या तक्त्यात वेळ लिहायची, प्रतीकडील तीच नोंद वाचून फरक काढायचा. दोन्हीकडची घड्याळे जुळलेली हवीत, नाहीतर विलंब उणेही दिसतो. डेटाबेसच्या स्वतःच्या आकड्यांवर विसंबू नये. मायएसक्यूएलमधील ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ हा आकडा, प्रतीपर्यंत पोहोचलेल्या नोंदी किती मागे आहेत एवढेच सांगतो. वाटेतील जाळे संथ असेल तर नोंदी तुंबलेल्या असूनही तो शून्य दाखवू शकतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये उलटी फसगत होते: शेवटच्या लागू व्यवहाराच्या वेळेवरून विलंब काढला, तर लिखाण थांबलेल्या रात्री काहीही बाकी नसताना तो वाढत जातो. त्यामुळे वेळेसोबत प्रतीवर लागू व्हायचे शिल्लक बाइटही मोजावेत. सरासरी बघू नये, ती वाईट क्षण झाकते. आणि आकडा येणेच थांबले, तर तोच सर्वांत मोठा इशारा समजावा.

विलंबाइतकेच केंद्रांमधील दुव्यावरही लक्ष हवे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराला हाच धडा मिळाला. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य आणि नजीकच्या केंद्रांमधील दूरसंचार दुवे अस्थिर झाले; त्याला रस्त्याकडेचे खोदकाम कारणीभूत होते. जवळची प्रत हानी टाळण्यासाठी होती, पण दुवा डळमळताच मुख्य केंद्राची साठवण यंत्रणाच अडली आणि जोखीम-नियंत्रण प्रणाली बंद पडली. दुवा तुटल्यावर मुख्य केंद्र कसे वागेल, याची चाचणी म्हणूनच निरीक्षणाचा भाग मानली पाहिजे. त्या दिवशी सकाळी 11.40 ला थांबलेले व्यवहार दुपारी 3.45 ला सुरू झाले आणि बाजार संध्याकाळी 5 पर्यंत चालला.