रूढी कुणाच्या सोयीची?

 

नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. बायको गेली तर पुरुषाचं काय काढून घेतात? काहीच नाही. असं का, म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "पूर्वीपासून चालत आलंय." समाजशास्त्र हा विषय या उत्तरापाशी थांबत नाही. तो पुढे विचारतो: ही रीत आली कुठून? तिचा फायदा कुणाला? आणि मोडली तर शिक्षा कोण करतं? बी.ए.ला हा विषय शिकताना रूढी, गट, सामाजिक नियंत्रण असे जड शब्द यायचे. ते शब्द आपल्या घरातलेच आहेत, हे मला एका जुन्या निबंधानं शिकवलं. आज त्याचीच गोष्ट सांगते.

साल १९१६, तारीख ९ मे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठ आहे. तिथं डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात २५ वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन शिकायला पाठवलेले हे विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढच्या वर्षी तो निबंध छापून आला.

जात टिकते कशानं, हा त्यांचा प्रश्न होता. सोवळंओवळं, रोटीव्यवहार यांचा विचार त्यांनी केला. पण मुळाशी त्यांना सापडली एकच गोष्ट: लग्न जातीतच करायचं. एका गोत्रात लग्न नको, हा नियम आपल्याकडे होताच. त्याच्यावर जातीबाहेर नको, हा दुसरा नियम चढला आणि जातीभोवती कुंपण पडलं.

आता हिशोब बघा. आपण गटात जमाखर्च जुळवतो ना, तसाच. जातीत जेवढे पुरुष, साधारण तेवढ्याच बाया. नवराबायको दोघं एकदम मरत नाहीत. नवरा आधी गेला की एक बाई जास्तीची उरते. तिनं जातीबाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं. जातीत केलं तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा जातो. मग तिचं काय करायचं? एक तर नवऱ्याबरोबर जाळायचं, नाही तर जन्मभर विधवा ठेवायचं, तिचं रूप आणि मान काढून घ्यायचा.

बायको आधी गेली तर? पुरुषाला जाळत नाहीत. तो जातीला कामाचा. त्याला संन्यासीही करवत नाही. मग त्याला बायको कुठून आणायची? लग्नाचं वय न झालेल्या मुलींतून. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी अशा एकाच कुंपणाच्या मेढी आहेत, असं आंबेडकरांनी मांडलं. या रूढींचे गोडवे नंतर गायले गेले. आधी होती ती गरज.

मग हे सगळीकडे पसरलं कसं? आधी ब्राह्मण वर्गानं दार लावून घेतलं, असं ते म्हणतात. त्यांचा मान मोठा, म्हणून इतरांनी अनुकरण केलं. काहींना मात्र दार बाहेरूनच बंद मिळालं. पुरावाही त्यांनी दिला: जी जात ब्राह्मणांच्या जवळ, तिच्यात या तिन्ही रूढी कडक, जसजसं लांब जावं तसतशा त्या सैल.

मैत्रिणींनो, सतीबंदीचा कायदा १८२९ चा. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली १८५६ ला. तरी अजून हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलावताना आपला हात अडखळतो. कारण कायद्याचा शिपाई लांब असतो, रूढीचा पहारा घरात असतो. आणि बऱ्याचदा पहाऱ्यावर आपणच बाया असतो. सामाजिक नियंत्रण म्हणतात ते हेच.

पण जे माणसांनी केलं, ते माणसांना बदलता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला: विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घ्यायला सांगितलं.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. आपल्या गावातली एक रूढी घ्या आणि तीन प्रश्न विचारा. फायदा कुणाचा? किंमत कोण मोजतं? पहारा कोण देतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आपण" असं आलं, तर बदलाची किल्लीही आपल्याच कमरेला आहे. मग ग्रामसभेत जायचं आणि ठराव मांडायचा. एकटीनं बोलायला भीती वाटते. दहाजणी एकदम उठल्या की ग्रामसभेला ऐकावं लागतं. गट त्याचसाठी असतो.