बाळू पालवणकर

भेस्तानच्या मैदानावर सायंकाळी मुले क्रिकेटसाठी जमतात, तेव्हा पहिले भांडण होते ते फलंदाजी कोणाची यावरून. चेंडू टाकण्याचा भार बहुधा लहानग्यावर नाहीतर दुबळ्यावर येऊन पडतो. ते पाहिले की मला बाळू पालवणकरांचे स्मरण होते. भारताचा हा पहिला थोर फिरकी गोलंदाज असाच चेंडू टाकता टाकता घडला.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातील; वडील लष्करात नोकरीस. पुण्याच्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. पगार दरमहा ३ रुपये. पुढे इंग्रजांच्या क्लबात ४ रुपये मिळू लागले. तेथे कॅप्टन ग्रेग हे नामांकित फलंदाज रोज इतरांच्या आधी येत आणि जाळीत बाळूंकडून चेंडू टाकवून घेत. बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस, अशी आख्यायिका आहे. डावखुऱ्या, मंदगती गोलंदाजीतील टप्पा, उंची आणि वळण या साऱ्यांवर बाळूंनी तेथेच प्रभुत्व मिळविले. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. नोकराने चेंडू टाकावा, साहेबाने टोलवावा, अशी ती वाटणी होती.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना इंग्रजांस हरवावयाचे होते; तेव्हा पुष्कळ वादानंतर बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे व जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता! साताऱ्याच्या इंग्रजांनी तर बाळूंची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरविला. बाळूंनी तेथेही सात गडी बाद केले.

पुढे ते मुंबईस आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. आमच्या भेस्तानवरून मुंबईस जाणारा लोहमार्ग त्याच कंपनीचा. १९५१ साली ती पश्चिम रेल्वेत विलीन झाली. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू होते आणि त्यांचे बंधू शिवरामही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ वारंवार हरला. बाळूंनी मात्र एकंदर ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांना १०३ धावांत ८ बळी मिळाले.

एवढे होऊनही हिंदूंचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९१३ साली कर्णधार पै यांनी सत्कारप्रसंगीच सांगून टाकले की, हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंना मिळावयास हवा होता. पै यांचा हा मनमोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो. पण निवड करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. १९२० साली पै आजारी पडले, तेव्हा बाळूंना वगळण्यात आले आणि कर्णधारपद देवधरांकडे गेले. शिवराम व विठ्ठल हे दोघे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. मग अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली; बाळू उपकर्णधार झाले आणि पै मैदानाबाहेर असताना त्यांनी संघ चालविला. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले व हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध केले.

राजकारणात बाळूंची वाट डॉ. आंबेडकरांहून निराळी झाली. तरुणपणी आंबेडकरांना त्यांचे मोठे कौतुक होते. पण १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली.

भारत पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. म्हणून कसोटीच्या कोष्टकांत त्यांचे नाव सापडत नाही. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, एवढी नोंद तेवढी आहे. १९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.