तळटीप : ‘व्यत्यय’ या संज्ञेविषयी

‘इंटरप्ट’ या अर्थी योजिलेल्या या शब्दातील अडथळ्याची छटा वाचकाने मनातून काढून टाकावी; येथे अभिप्रेत आहे ती वर्दी. नेटवर्क कार्डापाशी बाहेरून मजकूर येऊन दाखल झाला म्हणजे ते प्रोसेसरला संकेत देते, आणि प्रोसेसर हातातली आज्ञा पुरी करून, आपण कोठवर आलो होतो याची नोंद ठेवून, २५६ कलमांच्या कोष्टकातून (हे एक्स८६ जातीच्या यंत्रांचे, पैकी पहिली ३२ कलमे त्याच्या स्वतःच्या अपवादांसाठी राखीव) योग्य त्या कारभाऱ्याचा ठाव काढून त्याच्या हाती ताबा देतो. लिनक्स कर्नलमधील हा कारभारी केवळ पोच देऊन बाकीचे काम तहकूब करतो, कारण त्याला निद्रेची मुभा नाही आणि तो रेंगाळला तर त्या प्रोसेसरवरील इतर वर्द्या खोळंबतात. पाकिटे उघडून पाहण्याचे जिकिरीचे काम मागाहून, व्यत्ययांना वाट मोकळी झाल्यावर, ‘सॉफ्टआयआरक्यू’ नामक यंत्रणा उरकते. पाकिटांची रीघच लागली, तर कर्नल त्या कार्डाची वर्दी बंद ठेवून आपण होऊन रांग तपासीत राहतो. पंगतीच्या दिवशी यजमानाने घंटा काढून ठेवून स्वतःच दारात उभे राहावे, तसा हा प्रकार प्रस्तुत संपादकास मोठा व्यवहारचतुर वाटतो.