रोगापेक्षा इलाज भयंकर : ‘वन हाफ’ विषाणूची कथा

१/ रोग हटवण्याच्या घाईत रोगीच दगावावा, असे प्रसंग संगणकाच्या इतिहासातही घडले आहेत. १९९४ साली स्लोव्हाकियात आढळलेला ‘वन हाफ’ हा विषाणू त्याचे बोलके उदाहरण होय.

२/ तो डॉसचा काळ होता. हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, अवघ्या ५१२ बाइटांत, यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम आणि डिस्कच्या विभागणीचा तक्ता असे. वीज येताच डिस्कवरील हाच सेक्टर प्रथम वाचला जाई. साहजिकच अनेक विषाणूंनी तेथेच ठाण मांडले.

३/ त्यावरचा रूढ उपाय सोपा होता. जिच्यावर काही लिहिता येणार नाही अशा स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे आणि ‘एफडिस्क’च्या एका आज्ञेने तो प्रोग्राम नव्याने लिहून टाकायचा. साध्या विषाणूंवर ही मात्रा लागू पडे.

४/ ‘वन हाफ’ने नेमका हाच उपाय घातक ठरवला. यंत्र सुरू होईल तेव्हा तो डिस्कच्या शेवटाकडून थोडा थोडा भाग गुप्त किल्लीने कूटबद्ध करी. मात्र तो मेमरीत हजर असेपर्यंत मागितलेला मजकूर स्वतःच उलगडून देई. त्यामुळे वापरणाऱ्यास काहीच बिघडलेले दिसत नसे. निम्मी डिस्क व्यापल्यावर पडद्यावर ‘डिस इज वन हाफ’ अशी ओळ उमटे.

५/ ती किल्ली होती कोठे? विषाणूने बळकावलेल्या त्या पहिल्या सेक्टरमध्येच! घाबरून ज्यांनी तो सेक्टर पुसला, त्यांचा विषाणू गेला, पण त्याच्याबरोबर किल्लीही गेली. मागे उरली ती वाचता न येणारी अर्धी डिस्क.

६/ योग्य क्रम उलटा होता : स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करणे, किल्ली वाचून घेणे, तिने मजकूर पूर्ववत करणे आणि विषाणू सर्वांत शेवटी काढणे. त्याच भूमीत १९८७ साली, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या काळात, मिरोस्लाव त्रन्का आणि पेतेर पाश्को यांनी ‘नॉड’ हा विषाणूरोधक प्रोग्राम रचला होता. या नावाचा विस्तार ‘डिस्कच्या कडेचे रुग्णालय’ असा होतो. तेथील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या नावावरची ही कोटी. रुग्णालयाची उपमा समर्पकच म्हणावी, कारण निदानाआधी शस्त्रक्रिया करू नये हा नियम दोन्हीकडे सारखाच.

७/ फ्लॉपी गेली, डॉस गेला. धडा मात्र टिकला. जुनी डिस्क हाती आली की जाणकार आजही तिच्यावरून यंत्र सुरू करत नाहीत. तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशा रीतीने ती जोडतात, सेक्टर न् सेक्टर उतरवून प्रत घेतात आणि साफसफाईचे प्रयोग त्या प्रतीवर करतात. खंडणीखोर विषाणूंच्या आजच्या काळात तर मूळ डिस्क जपणे अधिकच मोलाचे ठरते, कारण आज नसलेली किल्ली उद्या सापडू शकते. पुसून टाकलेला मजकूर मात्र कोणत्याही किल्लीने परत येत नाही.